रस्त्यावर पडून असलेल्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी असते. चारही टायर बसलेले, काचेवर बोटाने कुणीतरी नाव लिहिलेलं, बॉनेटवर पिंपळाची पानं. सगळ्यांना ती दिसते आणि सगळ्यांना वाटतं की तक्रार दुसऱ्या कुणीतरी केली असेल. खालची उत्तरं मुख्यतः मुंबईतल्या पद्धतीवर आधारलेली आहेत. पुणे, ठाणे, नागपूरसारख्या शहरांत कायदा वेगळा लागतो, पण काम जवळपास त्याच वाटेने जातं. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बेवारस गाडी नेमकी कशाला म्हणायचं? शेजारी महिनाभर गाडी हलवत नाहीत, ती बेवारस का?

नाही. शेजारी अमेरिकेला मुलीकडे गेले आहेत आणि गाडी कव्हर घालून, विमा भरून, जागेवर उभी आहे, तर ती फार तर अडचणीची गाडी. पालिकेचा माणूस बघायला येतो तेव्हा तो खुणा पाहतो: टायर बसलेत का, काच फुटली आहे का, बॅटरी, चाकं किंवा सीट गायब आहेत का, खाली कचरा आणि गवत साचलंय का, नंबर प्लेट आहे का. अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की पुढची कारवाई सुरू होते.

कायद्याची व्याख्या यापेक्षा खूप कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी हलवण्याचा हुकूम त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. गाडीमुळे रहदारीला धोका असेल तर १० तासांची वाट पाहण्याचीही गरज नाही. पण हा आकडा तोंडावर फेकून भांडायला जाऊ नका. रात्रभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या या शहरात इतक्या आहेत की १० तासांचा नियम शब्दशः लावला तर क्रेन कमी पडतील.

गाडीला १५ वर्षं झाली आहेत. म्हणजे ती आपोआप उचलण्याजोगी झाली ना?

हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला आहे. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राबद्दलची आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. जुनी पण चालती आणि पासिंग असलेली गाडी केवळ वयावरून कुणालाही उचलता येत नाही. उलट तीन वर्षांची, अपघातात चेपलेली आणि मालकाने टाकून दिलेली गाडी उचलता येते.

तक्रार महापालिकेकडे करायची की वाहतूक पोलिसांकडे?

गाडी चालण्याजोगी असून चुकीच्या जागी उभी असेल, तर वाहतूक पोलीस. ती मेलेली असेल, तर महापालिका. अधल्यामधल्या अवस्थेतली असेल तर दोघांनाही कळवा आणि दोन्ही तक्रारींचे क्रमांक जपून ठेवा, कारण दोन्हीकडून तुम्हाला एकमेकांकडे बोट दाखवलं जाण्याची शक्यता असते.

मुंबईत पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, ॲप आणि संकेतस्थळ आहे. सगळ्यात चांगली जागा मात्र तुमचं वॉर्ड ऑफिस. तिथे हे काम परिरक्षण खात्याकडे असतं. पुण्यात अतिक्रमण विभाग हे पाहतो आणि पीएमसी केअर ॲपवर तक्रार घेतली जाते. मुंबईत पालिका १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३१४ वापरते, तर बाकीच्या शहरांत १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो. तक्रारदाराला कलम पाठ असण्याची गरज नाही. अर्जात ते लिहिलेलं असलं तर समोरचा माणूस जरा सरळ बसतो, एवढंच.

एक गोष्ट आधी तपासा: जागा कुणाची आहे. रेल्वेची हद्द, पोर्टची जमीन, म्हाडाचा मोकळा भूखंड अशा ठिकाणी पालिका तक्रार पुढे ढकलते आणि ती तिथेच विरून जाते. वॉर्डाची हद्दही बघा. दादर पश्चिम जी उत्तर वॉर्डात येतं, पण रूळ ओलांडले की एफ वॉर्ड सुरू होतो. नुसतं ‘दादर’ लिहिलेली तक्रार चुकीच्या टेबलावर जाते.

तक्रारीत काय लिहू?

बहुतेक तक्रारी इथेच पडतात. ‘आमच्या भागात अनेक बेवारस गाड्या आहेत, कृपया लक्ष द्यावे’ या वाक्यावर कुणीही काहीही करू शकत नाही. क्रेनच्या ड्रायव्हरला जे लागतं ते लिहा. साधारण असं:

‘अमुक रस्ता, अमुक इमारतीच्या फाटकासमोर, विजेच्या खांब क्रमांक अमुकला लागून, पांढरी हॅचबॅक, नंबर एमएच ०२ ने सुरू होणारा (पूर्ण नंबर फोटोत). गेल्या दिवाळीपासून एकाच जागी. डावीकडचे दोन्ही टायर बसलेले, मागची काच फुटलेली, आत पाणी साचलेलं. रुग्णवाहिकेला वळायला जागा उरत नाही. सोबत तीन फोटो.’

फोटो तीन पुरतात: एक नंबर प्लेटचा, एक पूर्ण गाडीचा आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव दिसेल. तिसरा फोटो लोक काढतच नाहीत, आणि गाडी शोधायला तोच लागतो. एका तक्रारीत एकच गाडी लिहा. पाच गाड्या असतील तर पाच तक्रारी करा. एकत्र लिहिल्या की एक गाडी उचलून सगळी तक्रार निकाली काढता येते.

‘गैरसोय होते’ असं मोघम लिहू नका. नक्की काय अडतं ते लिहा: शाळेची बस वळत नाही, अग्निशमन दलाची गाडी आत येणार नाही, पावसाळी गटाराचं झाकण गाडीखाली आहे. नालेसफाईच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, या शेवटच्या कारणाला विशेष वजन येतं.

मालक कोण ते मला शोधता येईल का?

नंबर माहीत असेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विमा आणि फिटनेसची मुदत कळते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. तुम्हाला त्याच्या दारात जायचं नाही. विमा चार वर्षांपूर्वी संपलाय हे ॲपवर दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. गाडी सोडून दिलेली आहे हे सांगायला त्याच्याइतका चांगला कागद नाही.

नंबरची सुरुवातही थोडी माहिती देते. ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड. अंधेरीत १२ ची गाडी पडून असेल तर मालकापर्यंत नोटीस पोहोचायला वेळ लागेल, हे गृहीत धरा.

नंबर प्लेटच नाही. मग?

तक्रार होते. गाडीवर चासी नंबर कोरलेला असतो आणि त्यावरून पोलीस किंवा आरटीओ मालकापर्यंत पोहोचतात. तो नंबर शोधायला तुम्ही स्वतः बॉनेट उघडू नका, दार ओढू नका. प्लेट काढलेली गाडी चोरीचीही असू शकते, आणि मग तुमच्या बोटांचे ठसे तिच्यावर असण्याची काही गरज नाही.

तक्रार केल्यावर पुढे काय होतं?

कुणीतरी येऊन पाहतं आणि गाडीवर नोटीस चिकटवतं. काही ठिकाणी हे पोलीस करतात, काही ठिकाणी पालिकेचा माणूस. गाडी हलवायला साधारण ४८ ते ७२ तासांची मुदत मिळते, पण नोटिशीवर लिहिलेली मुदतच खरी. मुदत संपली की पालिकेने नेमलेला कंत्राटदार क्रेन आणून गाडी उचलतो आणि यार्डात नेतो. मुंबईत तिथून ३० दिवसांत दंड आणि टोइंगचा खर्च भरून मालक गाडी सोडवू शकतो. नाही सोडवली तर लिलाव किंवा भंगार.

कागदावर ही सगळी साखळी सव्वा महिन्यात संपते. प्रत्यक्षात अडतं ते यार्डाच्या जागेपाशी. मुंबईत गाड्या ठेवायला मोकळी जमीन कुठे आहे? आधीच्या गाड्यांचा लिलाव होत नाही तोवर नव्या गाड्यांना जागा नाही, आणि लिलाव अडतो आरटीओकडून मालकाची माहिती येईपर्यंत. म्हणून नोटीस लागूनही गाडी महिनाभर तिथेच दिसली, तर दरवेळी तो वॉर्डाचा आळशीपणा नसतो. कधीकधी असतो.

तक्रार ‘निकाली’ असा मेसेज आला, गाडी मात्र जागेवरच आहे.

त्याच दिवशी, तारीख-वेळ दिसेल असा नवा फोटो काढा आणि जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन पुन्हा नोंदवा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत घ्या. ॲपवरची तक्रार एका बटणाने बंद होते. शिक्का असलेला कागद बंद करायला कुणालातरी सही करावी लागते.

त्यानेही काम झालं नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. अभिलेख मागा: या क्रमांकाच्या तक्रारीवर केलेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत, नोटिशीची प्रत, आणि तक्रार बंद करताना जोडलेला फोटो. पाहणी झालीच नसेल तर हे तिन्ही कागद नसतात, आणि अर्ज हातात पडल्यावर बऱ्याचदा आधी गाडी हलते, मग उत्तर येतं.

गाडी उचलली नाही, नुसती पुढच्या गल्लीत ढकलली!

हे नेहमीचंच. नोटीस लागली की मालक, किंवा ज्याच्या दुकानासमोर ती आहे तो, चार पोरं बोलावून तिला कोपऱ्यापलीकडे नेतो. जुनी तक्रार तिथेच मरते, कारण ‘पाहणीच्या वेळी गाडी आढळली नाही’. नव्या जागेची नवी तक्रार करा, पण नंबर आणि जुना क्रमांक दोन्ही द्या. ढकलता आली म्हणजे तिला कुणीतरी धनी आहे, हेही लिहा.

तक्रार करणाऱ्याचं नाव त्यांना कळतं का?

१९१६ वर आणि ॲपवर तुमचा फोन नंबर जातो. तो मालकाला सांगायचा नसतो, पण गल्लीत कोण तक्रार करतं हे गल्लीला कळतंच. भीती वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर चेअरमन-सेक्रेटरींच्या सहीने अर्ज द्या.

पोलीस ठाण्याबाहेर गंजून पडलेल्या गाड्यांचं काय? त्यांची तक्रार का चालत नाही?

कारण त्यातल्या बऱ्याचशा बेवारस नसतात, मुद्देमाल असतात. अपघात, चोरी, दारू-वाहतूक, खून अशा कुठल्यातरी गुन्ह्यात जप्त झालेल्या. खटला संपेपर्यंत त्या सांभाळायची जबाबदारी पोलिसांवर असते, आणि खटले दहा-दहा वर्षं चालतात. पालिका त्यांना हात लावू शकत नाही.

पण त्या तिथेच सडल्या पाहिजेत असंही कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, गुजरातमधल्या एका प्रकरणात, स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, जामीन-बंधपत्र घ्या आणि गाडी मालकाला द्या. तुमची चोरीला गेलेली गाडी सापडून ठाण्यात पडली असेल तर तुम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करू शकता. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली होतो. पुष्कळ लोक हा अर्जच करत नाहीत. विम्याचे पैसे मिळालेले असतात आणि गाडीत कुणाला रस उरलेला नसतो. अशा वेळी गाडीवरचा हक्क बहुधा विमा कंपनीकडे गेलेला असतो, आणि कंपनीलाही ती नको असते. ठाण्याबाहेरची ती रांग अशी वाढत जाते.

सोसायटीच्या आवारात एका माजी भाडेकरूची स्कूटर पडून आहे. पालिका नेईल का?

नाही. आवार खासगी आहे, पालिकेचे अधिकार रस्त्यापुरते. आधी नंबरवरून गाडी चोरीची नाही ना, हे स्थानिक पोलिसांकडून तपासून घ्या आणि तसं पत्र देऊन पोच घ्या. मग सभासदाला, म्हणजे फ्लॅटमालकाला, रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या, कारण भाडेकरू गेला तरी सभासद आहे. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. गाडी परस्पर उचलून फाटकाबाहेर ठेवण्याचा शहाणपणा करू नका. उद्या तो भाडेकरू उगवला आणि स्कूटरमध्ये अमुक होतं म्हणाला, तर उत्तर सोसायटीला द्यावं लागेल. आणि रस्त्यावर तिच्यामुळे कुणी पडलं तर तेही.

गॅरेजवाला रस्त्यावरच गाड्या ठेवतो. त्या बेवारस धरतात का?

गॅरेजवाला म्हणेल, ‘कस्टमरच्या आहेत, उद्या नेतील.’ काही खरंच उद्या जातात. काहींचे मालक दुरुस्तीचा आकडा ऐकून फोन उचलायचे बंद झालेले असतात. इथे बेवारस गाडीची तक्रार करण्यापेक्षा सार्वजनिक रस्त्यावर धंदा केल्याची तक्रार जास्त लागू पडते, आणि गाड्या त्याच कारवाईत जातात.

टॅक्सींचं थोडं वेगळं. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षं ठरलेलं आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण मुदत संपलेल्या टॅक्सी वर्षानुवर्षं गल्लीत उभ्या राहतात, आणि त्यांच्याबद्दल तक्रार करायला आठवणींचा अडसर येऊ देऊ नये.

वडील वारले. त्यांची मारुती आठ वर्षं खाली उभी आहे. काय करू?

खरं तर रस्त्यावरच्या बेवारस गाड्यांमागे फार वेळा हीच कहाणी असते. कुणी मुद्दाम टाकून दिलेली नसते. गाडी नावावर करायची राहून जाते, पासिंग संपतं, बॅटरी बसते, मग ‘बघू दिवाळीनंतर’.

नियम असा: मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, आरसी, विमा. उशीर झाला तर दंड भरून काम होतं, अर्ज नाकारला जातोच असं नाही. अलीकडे आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं. तुमच्या गाडीला आजच लावून टाका, मुलांचे हेलपाटे वाचतील.

गाडी चालवायचीच नसेल तर ती नोंदणीकृत भंगार केंद्राला द्या. आधी बँकेचा बोजा आरसीवर राहिलाय का ते बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद कुणी उतरवलेली नसते. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर एनओसी नव्या बँकेकडून आणावी लागते. सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद हाच.

गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर? तो घरी येऊन रोख देतो.

देतो. पण गाडी कागदोपत्री जिवंत राहते आणि तुमच्याच नावावर राहते. त्याने चासी आणि आरसी दुसऱ्याला विकली, तर चोरीच्या गाडीला तुमच्या गाडीची ओळख मिळते.

२०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रं आली. केंद्र गाडीच्या नोंदी तपासून ती ताब्यात घेतं, गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र देतं आणि शेवटी नोंदणी रद्द होते. प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि राज्य ठरवेल तशी वाहन करात सवलत मिळते, जिची केंद्र सरकारने घालून दिलेली कमाल मर्यादा खासगी गाडीला २५ टक्के आहे. भंगाराचे पैसे मात्र गल्लीत कदाचित थोडे जास्त मिळतील, हे खरं. माझ्या मते तो फरक घेण्याजोगा नाही.

गाडी तीन वर्षांपूर्वी विकली. आता पालिकेची नोटीस मलाच आली!

कारण आरटीओत नाव तुमचंच आहे. विकल्यावर १४ दिवसांत कळवणं विकणाऱ्याचं काम असतं, घेणाऱ्यावर सोपवून निश्चिंत होण्याचं नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या प्रकरणात हेच म्हटलं: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, गाडी प्रत्यक्षात कुणाकडेही असो. म्हणजे टोइंगचा दंड ही किरकोळ बाब झाली. त्या गाडीखाली कुणी सापडलं तर भरपाईची नोटीसही याच पत्त्यावर येईल. विक्रीचा करार, घेणाऱ्याचं आधार, पैसे मिळाल्याची नोंद जे असेल ते घेऊन आरटीओत जा, आणि पालिकेला लेखी उत्तर द्या. नोटीस कचऱ्यात टाकू नका.

माझी गाडी चुकून उचलली. कशी सोडवू?

नोटीस ज्या कार्यालयाने दिली तिथे जा, यार्डात नाही. आरसी, विमा, ओळखपत्र, दंडाची पावती, आणि मग गाडी सोडण्याचं पत्र. नोटीसच लागली नव्हती असं म्हणणं असेल तर नोटिशीच्या फोटोची मागणी करा. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी यार्डातच तिचे फोटो काढा, नंतर म्युझिक सिस्टीम होती की नव्हती यावर वाद घालून उपयोग नाही.

पडून असलेल्या गाडीत पाणी साचलं आहे. हे कुणाला सांगायचं?

वॉर्डाच्या कीटकनाशक विभागाला, आणि ते गाडी उचलण्याची वाट बघत बसत नाहीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास टायर, उघडी डिकी, तुटलेला दिवा असल्या जागी साचलेल्या चमचाभर स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, म्हणून उन्हाळ्यात कोरडा दिसणारा टायर पहिल्या पावसात जागा होतो.

गाडी कालपर्यंत नव्हती, आज अचानक अनोळखी गाडी उभी आहे. संशय येतोय.

मग ही बेवारस गाडीची तक्रार नाही. ११२ ला फोन करा, लांब उभे राहा, इतरांनाही लांब ठेवा. उगाच ओरडा होईल याचा संकोच करू नका. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर वरळीला सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनवरूनच तपासाला पहिला धागा मिळाला होता, आणि नायगावात उभी असलेली स्कूटर वेळेत सापडली म्हणून तिच्यातलं आरडीएक्स निकामी करता आलं.

गाडीचे सुटे भाग घेतले तर चालतील का? नाहीतरी भंगारातच जाणार.

नाही, ती चोरी होते.

गाडीखाली कुत्रीने पिल्लं घातली आहेत. क्रेन येणार आहे.

नोटिशीच्या मुदतीतच भागातल्या प्राणी-कार्यकर्त्यांना कळवा आणि वॉर्डालाही सांगून ठेवा. क्रेनचा ड्रायव्हर पाच मिनिटं थांबतो. फक्त त्याला आधी माहीत हवं.